विश्लेषण : गडचिरोलीतले ‘येणे’ तमिळच्या जवळचे कसे?

गडचिरोलीतील गोंडीभाषक मूल शाळेत गुरुजींच्या तोंडून ‘ये’ ऐकते. घरी मात्र येण्यासाठी त्याच्या कानावर वेगळेच क्रियापद पडलेले असते : ‘वायाना’. गोंडी ही मराठीचीच एक बोली आहे, असा समज अनेकांचा असतो. हे एक क्रियापद तो समज खोडून काढते.

‘वायाना’चे सोयरे कोण?

चंद्रपूर-यवतमाळ भागातील कोलामीत ‘येणे’चे मूळ ‘वर्’ आहे. सिरोंचा परिसरात बोलल्या जाणाऱ्या तेलुगूत ‘वच्चु’, तमिळमध्ये ‘वा’, मल्याळममध्ये ‘वरुका’, तर कन्नडमध्ये ‘बा’. या सगळ्या द्रविड कुळातील भाषा. मराठीचे ‘येणे’ मात्र संस्कृत-प्राकृताच्या वाटेने आले.

कन्नडमध्ये ‘ब’ कुठून आला?

शब्दाच्या सुरुवातीच्या ‘व’चा कन्नडमध्ये ‘ब’ होतो. धनुष्याला तमिळमध्ये ‘विल’, तेलुगूत ‘विल्लु’ आणि कन्नडमध्ये ‘बिल्लु’ म्हणतात. असा बदल अनेक शब्दांत नियमाने दिसला, की भाषांचे नाते सिद्ध होते. दूर बलुचिस्तानातील ब्राहुई ही भाषाही याच कुळातली. तिथेही ‘येणे’ ‘ब’नेच सुरू होते. बरो आणि एमेनो या अभ्यासकांनी अशा शब्दांचा द्रविड व्युत्पत्तिकोश १९६१ मध्ये प्रसिद्ध केला.

मग लॅटिनचे ‘वेनिरे’ही नात्यातले?

लॅटिनमध्ये येण्याला ‘वेनिरे’ म्हणत. इटालियनमध्ये ते तसेच राहिले, फ्रेंच व स्पॅनिशमध्ये त्याचे ‘वेनिर’ झाले, तर पोर्तुगीजमध्ये ‘विर’. इथेही ‘व’ आहे आणि अर्थही तोच. पण ‘वायाना’शी त्याचे नाते नाही, हा निव्वळ योगायोग. ‘वेनिरे’ ज्या प्राचीन धातूपासून आले, त्यातूनच संस्कृतचा ‘गम्’ निघाला. ‘गम्’वरून ‘गत’ आणि त्यातून मराठीचे ‘गेला’ आले. म्हणजे रोमचे ‘येणे’ आणि मराठीचे ‘गेला’ एकाच मुळाचे. नुसत्या ऐकण्यातील साम्यावरून नाते ठरवले, तर अशी फसगत होते.

याचा शाळेशी काय संबंध?

गोंडी ही मराठीची बोली असती, तर मुलाला फक्त उच्चार आणि काही शब्द बदलावे लागले असते. प्रत्यक्षात पहिलीतले मूल वेगळ्या कुळातील भाषा शिकत असते आणि त्याच भाषेतून गणितही. त्याला उत्तर द्यायला वेळ लागला, तर त्याचे कारण बुद्धीत नव्हे, भाषेत शोधावे लागते.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांमध्ये ती नाही. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेच्या पुढाकाराने गोंडीतून शिकवणारी शाळा सुरू झाली. मुलांनी घरच्या भाषेतून शिकायला सुरुवात करावी, हा त्यामागचा विचार.