चेंबूरमधील दूरध्वनी व इंटरनेट सेवेचे फायबरकडे स्थित्यंतर

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील चेंबूर येथे घरगुती दूरध्वनी व इंटरनेट सेवा तांब्याच्या तारांवरून प्रकाशतंतूंवर, म्हणजेच ऑप्टिकल फायबरवर नेण्याची प्रक्रिया एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सुरू आहे. ती एखाद्या शासकीय आदेशाने ठरावीक दिवशी घडलेली नाही. इमारतीगणिक, आणि एकाच इमारतीत घरागणिक, ती वेगवेगळ्या वेळी घडत आली आहे. या बदलाची चर्चा बहुधा इंटरनेटच्या वेगापुरती होते. मात्र तांब्याची तार आवाजाबरोबर दूरध्वनी चालवण्यापुरती वीजही घरात आणत असे आणि फायबर ती आणत नाही, हा त्यातील अधिक मूलभूत फरक आहे.

== पार्श्वभूमी ==

मुंबईत दूरध्वनी सेवेचा प्रारंभ १८८२ मध्ये झाला. आरंभी खासगी कंपनीकडे असलेली ही सेवा १९४३ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई व दिल्ली या दोन महानगरांतील सेवा महानगर टेलिफोन निगम लिमिटेड (एमटीएनएल) या सरकारी कंपनीकडे आली.

चेंबूरची वाढ प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळातील आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची चेंबूर कॅम्प ही वस्ती, टिळकनगर व सुभाषनगर येथील गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, तसेच तुर्भे-माहुल पट्ट्यातील तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाना आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांमुळे येथे नोकरदार कुटुंबांची मोठी वस्ती झाली. दूरध्वनीची मागणी त्यामुळे वाढली, पण जोडण्या अपुऱ्या होत्या. अर्ज केल्यानंतर अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागे. अधिक अनामत भरून लवकर जोडणी मिळवण्यासाठी 'ओन युवर टेलिफोन' ही योजना होती. मजल्यावर एकाच घरी दूरध्वनी असे आणि शेजारी आपल्या नातेवाइकांना तोच क्रमांक 'पी. पी.' म्हणून देत. आज लँडलाइनच्या क्रमांकाशी ज्येष्ठ नागरिकांची जी जवळीक दिसते, तिचे मूळ काही अंशी या प्रतीक्षेत आहे.

२००२ मध्ये मुंबईतील एमटीएनएलच्या सात अंकी क्रमांकांच्या आरंभी '२' हा अंक जोडून ते आठ अंकी करण्यात आले. चेंबूर परिसरातील बरेच जुने क्रमांक '२५२'ने सुरू होतात.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती याच तांब्याच्या तारेवरून डायल करून मिळत असे आणि इंटरनेट चालू असेपर्यंत दूरध्वनी व्यग्र राही. जानेवारी २००५ मध्ये एमटीएनएलने एडीएसएल तंत्रावर ब्रॉडबँड सेवा आणली. त्यामुळे एकाच तारेवर संभाषण व इंटरनेट एकाच वेळी शक्य झाले. त्या वेळच्या राष्ट्रीय धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यास पुरेसा होता. ही किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली.

== तांब्याची जोडणी ==

दूरध्वनी केंद्रातून निघणारी जाड भूमिगत केबल शेकडो जोड्यांची असते. रस्त्याच्या कडेच्या पिलरमध्ये ती लहान केबलींत विभागली जाते. तेथून इमारतीच्या भिंतीवरील डीपी बॉक्स आणि डीपीपासून घरापर्यंत दोन तारांची एक जोडी असा तिचा मार्ग असतो. प्रत्येक ग्राहकाची जोडी केंद्रापर्यंत स्वतंत्र असते. या जोडीवर केंद्रातून ४८ व्होल्टचा एकदिश विद्युतदाब दिलेला असतो आणि घंटा वाजवण्यासाठी त्यावर अधिक दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला जातो. केंद्रात बॅटऱ्यांचा संच व डिझेल जनित्र असते. साधा, तारेने जोडलेला दूरध्वनी घरातील वीज गेल्यानंतरही चालू राहत असे, तो यामुळेच.

तांब्याचे दोष मुंबईच्या हवामानात लवकर उघडे पडतात. खाडीकाठची दमट व खारी हवा जोडांवर गंज धरवते. पावसाळ्यात पिलर किंवा केबलच्या जोडात पाणी शिरले की खरखर, दुसऱ्याचे बोलणे ऐकू येणे किंवा दूरध्वनी पूर्ण बंद पडणे असे प्रकार होतात. १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहणे हा अनेक वर्षे मुंबईकरांच्या पावसाळ्याचा भाग होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या महापुरात शहरातील दूरध्वनी सेवा मोठ्या प्रमाणावर कोलमडली. तांब्याच्या तारेवर वीज येते म्हणून ती संकटात हमखास चालते, असा सरसकट निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही. रस्त्यांची खोदाई आणि भंगारात चांगला भाव असल्याने होणारी केबलचोरी यांचाही उपद्रव होता.

अंतर ही तांब्याची आणखी एक मर्यादा आहे. एडीएसएलचा वेग केंद्रापासूनच्या अंतरानुसार घटतो आणि सुमारे पाच किलोमीटरनंतर सेवा देणे अवघड होते. व्हीडीएसएल हे पुढचे तंत्र १०० मेगाबिटपर्यंत जाते, पण काहीशे मीटरच्या आतच.

जानेवारी २०२०च्या अखेरीस दिल्ली व मुंबई मिळून एमटीएनएलचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली एकाच वेळी निवृत्त झाले. कोणती जोडी कोणत्या पिलरमधून कोठे जाते, ही माहिती नोंदवह्यांइतकीच अनुभवी लाइनमनांच्या स्मरणात असते. त्यामुळे उरलेल्या तांब्याच्या जाळ्याची देखभाल त्यानंतर अधिकच कठीण झाली.

== फायबरची जोडणी ==

काचेच्या तंतूतून प्रकाश दूरवर पाठवून दळणवळण करता येईल, हे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले. काओ यांना त्यासाठी २००९चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात दूरध्वनी केंद्रांना जोडण्यासाठी फायबरचा पहिला वापर १९७९ मध्ये पुण्यात झाला. केंद्रांदरम्यानचे तांबे अशा रीतीने बरेच आधी हटू लागले, मात्र केंद्र ते घर हा शेवटचा टप्पा पुढे तीन दशके तांब्याचाच राहिला.

घरगुती फायबरमध्ये प्रत्येक घरासाठी केंद्रापर्यंत वेगळी तार नसते. केंद्रातील ओएलटी या यंत्रातून निघालेला एकच तंतू स्प्लिटरद्वारे सामान्यतः ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो केवळ प्रकाश वाटतो. ३२ घरांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला बत्तिसाव्या हिश्शाहूनही थोडा कमी प्रकाश येतो, तरी तो पुरेसा ठरतो. जीपॉन या प्रचलित पद्धतीत केंद्राकडून घराकडे १४९० नॅनोमीटर आणि घराकडून केंद्राकडे १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. एकाच तंतूतून दोन्ही दिशांची वाहतूक होते, ती यामुळे. या पद्धतीत सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट ही क्षमता त्या तंतूवरील सर्व घरांत मिळून असते.

काचेच्या तंतूचा बाहेरील व्यास १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग असतो आणि प्रकाश त्याच्या मध्यातील सुमारे ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यातून जातो. दोन तंतू जोडण्यासाठी त्यांची टोके विद्युत ठिणगीने वितळवून एकजीव करावी लागतात. पिळून, चिकटपट्टी गुंडाळून जोडण्याची सोय येथे नाही. तंतू दारामागे किंवा कपाटाच्या कोपऱ्यात काटकोनात वळला तर प्रकाश गळतो. अशा वेळी घरातील यंत्रावर 'एलओएस' हा लाल दिवा लागतो. पाण्याने गंजणे, शेजारच्या जोडीचे बोलणे ऐकू येणे हे दोष मात्र फायबरला नाहीत, आणि भंगारात त्याला किंमतही नाही.

घरात येणाऱ्या तंतूचे टोक ओएनटी या यंत्रात जाते. इंटरनेटबरोबरच दूरध्वनीही याच यंत्रातून मिळतो. जुने उपकरण यंत्राच्या मागील 'फोन' असे लिहिलेल्या खाचेत जोडले की बहुधा चालते. तबकडी फिरवण्याचे जुने दूरध्वनी सर्व यंत्रांवर चालत नाहीत. स्वयंपाकघरात किंवा शयनगृहात जोडलेले समांतर दूरध्वनीही घरातील जुनी तार ओएनटीला जोडून घेतल्याखेरीज मुके होतात.

== 'फायबर' या नावाखालील भिन्न जोडण्या ==

मुंबईत 'फायबर' म्हणून विकली जाणारी प्रत्येक जोडणी घरापर्यंत फायबरची असतेच असे नाही. अनेक स्थानिक केबलचालक व इंटरनेट पुरवठादार इमारतीच्या गच्चीपर्यंत किंवा जिन्यापर्यंत फायबर आणतात आणि तेथील स्विचपासून घरापर्यंत तांब्याची लॅन केबल ओढतात. २०१६ मध्ये एअरटेलने 'व्ही-फायबर' नावाने आणलेली सेवा तर घरात तांब्याच्या दूरध्वनी तारेवरूनच, व्हीडीएसएल तंत्राने येत होती. घरातील यंत्रात अतिशय बारीक, हिरव्या किंवा निळ्या टोकाची केबल जात असेल तर जोडणी फायबरची, आणि आठ तारांची रुंद पारदर्शक खटका असलेली केबल जात असेल तर शेवटचा टप्पा तांब्याचा, अशी ढोबळ ओळख सांगता येते.

हा भेद केवळ वेगाचा नाही. जिन्यातील स्विचला सोसायटीच्या मीटरवरून वीज घेतलेली असते. ती गेली की घरात इन्व्हर्टर असूनही सेवा थांबते.

५ सप्टेंबर २०१९ रोजी रिलायन्स जिओची फायबर सेवा व्यावसायिक स्तरावर सुरू झाली. त्यानंतरच्या स्पर्धेत व मार्च २०२०च्या टाळेबंदीत घरून काम व शिक्षण सुरू झाल्यावर घरापर्यंत फायबर नेण्याचे प्रमाण वेगाने वाढले.

== वीजपुरवठ्याचा प्रश्न ==

फायबर जोडणीत ओएनटीला घरातील वीज लागते. ती नसेल तर लँडलाइनही बंद पडते. तांब्याच्या व्यवस्थेत दूरध्वनीच्या विजेची जबाबदारी केंद्राची होती. नव्या व्यवस्थेत ती ग्राहकाकडे आली आहे आणि जोडणी घेताना हे स्पष्ट सांगितले जातेच असे नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास पारेषण यंत्रणेतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकल गाड्या थांबल्या. त्या काळात असंख्य लोक घरून काम करत होते. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. काही भागांत वीज दोन-तीन तासांत आली, उपनगरांत काही ठिकाणी त्याहून उशीर लागला. मोबाइल मनोऱ्यांनाही बॅटरीची मर्यादा असते, त्यामुळे दीर्घ खंडात मोबाइल हा पूर्ण पर्याय ठरत नाही. तुर्भ्याचे औष्णिक वीजकेंद्र चेंबूरलगत असल्याचा अशा वेळी विशेष उपयोग नसतो, कारण घराची वीज केंद्राच्या सान्निध्यावर नव्हे तर जाळ्याच्या स्थैर्यावर अवलंबून असते.

यावरचा उपाय फारसा खर्चिक नाही. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात व त्यांना साधारण दहा वॉट किंवा त्याच्या आसपास शक्ती लागते. त्यांच्यासाठी मिळणारा लहान यूपीएस काही तास पुरतो. राउटर वेगळा असेल तर त्यालाही अशी सोय करावी लागते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी ही सोय विशेष आवश्यक आहे, कारण १००, ११२ किंवा महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हे क्रमांक अडचणीच्या वेळीच लागतात आणि वीज जाणे हे अनेकदा त्या अडचणीचाच भाग असते. लिफ्टमधील संकटकालीन दूरध्वनी किंवा धोक्याची घंटा जुन्या लँडलाइनवर असेल तर ती जोडणी तोडण्यापूर्वी सोसायटीने पर्यायी व्यवस्था करणे गरजेचे ठरते.

== क्रमांकाचे काय होते ==

एकाच कंपनीकडे राहून तांब्यावरून फायबरवर गेल्यास जुना क्रमांक सामान्यतः कायम ठेवता येतो. कंपनी बदलल्यास तो सुटतो. मोबाइल क्रमांक टिकवून कंपनी बदलण्याची सुविधा भारतात २०११ पासून देशभर आहे, ती लँडलाइनला मात्र लागू नाही. बँक, विमा, निवृत्तिवेतन कार्यालय यांच्याकडे तोच क्रमांक नोंदवलेला असल्यास जुनी जोडणी बंद करण्यापूर्वी तो बदलून घ्यावा लागतो. नवी सेवा काही दिवस सुरळीत चालल्याची खात्री करून मगच जुनी बंद करण्याचा अर्ज देणे सोयीचे पडते. अर्ज न देता केवळ बिल भरणे थांबवल्यास थकबाकी साचते आणि अनामत परत मिळण्यास अडथळा येतो.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल क्रमांक लावताना आधी शून्य लावावे लागते. हा नियम फायबरवरील लँडलाइनलाही लागू आहे. अनेकांना नव्या जोडणीतच बिघाड असल्याचे वाटते, त्याचे एक कारण हेच असते.

== गृहनिर्माण संस्था आणि पुनर्विकास ==

चेंबूरमध्ये तांब्याच्या जोडण्या सर्वाधिक संख्येने बंद होण्याचा प्रसंग पुनर्विकासाचा असतो. टिळकनगर व सुभाषनगर येथील जुन्या इमारती पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. इमारत रिकामी होताना डीपी बॉक्स निघतो आणि रहिवासी भाड्याच्या घरी जातात. नव्या इमारतीत परतल्यावर तांब्याची केबल पुन्हा टाकली जाण्याची शक्यता फार कमी असते.

नव्या इमारतीत कोणाची सेवा मिळणार, हे प्रत्यक्षात अनेकदा विकासक किंवा सोसायटीची समिती ठरवते. केबलमार्ग एकाच कंपनीला दिला की रहिवाशांना निवड उरत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार गुणांकन देण्याचे विनियम काढले. दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. जुन्या सोसायट्यांत मात्र तंतू आजही गच्चीवरून, झाडांवरून आणि दिव्यांच्या खांबांवरून लोंबत येतात. रस्ता खोदण्याची परवानगी व शुल्क टाळण्याचा तो मार्ग असतो. अशी लोंबती केबल फांदी छाटताना सहज तुटते.

== इतर देशांतील स्थिती ==

भारतात तांब्याची सेवा बंद करण्याची देशव्यापी अंतिम तारीख कायद्याने ठरवलेली नाही. स्पेनमध्ये टेलिफोनिका कंपनीने २०२५ मध्ये आपली तांब्याची केंद्रे बंद करण्याचे काम पूर्ण केले. ब्रिटनमध्ये जुनी दूरध्वनी यंत्रणा डिसेंबर २०२५ पर्यंत बंद होणार होती, पण वृद्ध व आजारी व्यक्तींच्या घरांतील साहाय्य-घंटा त्या तारांवर अवलंबून असल्याने ही मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली. तेथील नियामक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, केवळ लँडलाइनवर अवलंबून असलेल्या ग्राहकाला वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन क्रमांक लावता येईल अशी व्यवस्था कंपनीने पुरवावी लागते.