सत्तावन्नचे पंच्याहत्तर का होतात?

सांडोर (वसई) : गुरुजी ‘सत्तावन्न’ म्हणतात आणि पाटीवर ७५ उमटते. दुसरीच्या वर्गात ही चूक इतकी सर्रास आढळते की, ती मुलाच्या धांदरटपणाच्या खाती टाकून मोकळे होण्याची प्रथाच पडली आहे. वस्तुतः मूल ऐकले तसेच लिहीत असते. शब्दात सात आधी येतो, पन्नास मागाहून. अंकांत मात्र पाच डावीकडे. इंग्रजी व कानडीत विसाच्या पुढे दशक आधी उच्चारले जाते. जर्मन भाषेचा क्रम मराठीसारखाच उलटा असून तेथील मुलांचीही अशीच गल्लत होते.

त्यात ‘एकोण’ची भर. एकोणतीस ऐकताच मूल तिसाच्या घरात शिरते आणि ३९ लिहिते. एकाने उणे, हा अर्थ त्याला कुणी सांगितलेलाच नसतो. हा नियम एकोणनव्वदपर्यंत टिकतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. हिंदीत ८९ म्हणजे ‘नवासी’. सांडोरसारख्या गावात तर वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाडवळी, सामवेदी या बोली, शाळेतील प्रमाण मराठी आणि बाजारातील हिंदी-इंग्रजी आकडे मुलाच्या कानावर एकाच दिवशी पडू शकतात.

या अडचणीवर बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन एकवीस, बावीस या रूढ नावांच्या जोडीने दिले. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणित विषयाच्या समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरांमुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसू नये, ही त्यामागील भूमिका. मात्र मराठी बुडाल्याची ओरड झाली आणि थेट विधानसभेत तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करण्यापर्यंत प्रकरण गेले. जुनी नावे पुस्तकात कायम आहेत, हे त्या गदारोळात फारसे कुणी पाहिले नाही.

खरा फटका पुढे, हातच्याच्या गणितात बसतो. ५२ मधून २७ वजा करताना ‘दोनातून सात जात नाहीत’ एवढे पाठ असते. दशक सुटे करायचे म्हणजे काय, ते उमगलेले नसते. मग मूल सातातूनच दोन वजा करून ३५ हे उत्तर लिहिते. येथे पाढ्यांची सक्ती उपयोगी पडत नाही. खराट्याच्या काड्यांचे दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवाव्यात. एक गठ्ठा त्याने स्वतः सोडला की बारा सुट्या काड्या होतात, त्यातून सात जातात, पाच उरतात. गठ्ठे राहतात चार, त्यातून दोन जातात. उत्तर पंचवीस. दहाच्या नोटा व रुपयाची नाणी घेऊनही हेच करता येते. काड्यांशिवाय वजाबाकी जमू लागेपर्यंत त्या काढून घेण्याची घाई करू नये. पालकांची नेमकी तेथेच चूक होते.

नीट शिकवूनही वर्षानुवर्षे लहान-मोठी संख्या ओळखता येत नसेल, साधी बेरीज दरवेळी बोटांवरच करावी लागत असेल, तर ‘डिसकॅल्क्युलिया’ची तपासणी करून घेणे योग्य. हा बुद्धीचा अभाव नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेत त्याचा समावेश केला आहे. परीक्षेतील सवलतींसाठी अधिकृत प्रमाणपत्र लागते. मात्र अनेकदा त्यासाठीची धावाधाव दहावीच्या उंबरठ्यावर सुरू होते. पाटीवरचे ७५ तर दुसरीतच दिसलेले असते.