रस्त्यांचा जमाखर्च

नगरपालिकेने रस्ता केला म्हणजे दोन घटना एकदमच घडतात: तिच्या तिजोरीतून पैसा जातो, आणि त्या रस्त्याच्या दुतर्फा ज्यांच्या जमिनी आहेत त्यांची मत्ता, त्यांनी कवडीही न खर्चता, वाढते. नागरी अर्थव्यवहाराचे मर्म या वाढीव मूल्यात आहे. ते कोणाच्या पदरी पडावे याविषयी निरनिराळ्या काळी निरनिराळे निवाडे झाले, आणि योगायोग असा की त्यांपैकी बहुतेक पुण्यातील हडपसरच्या पंचक्रोशीत पाहावयास मिळतात.

1950 साली स्थापन झालेल्या पुणे महानगरपालिकेचा मोठा आधार जकात हा होता. 2013 च्या एप्रिलमध्ये ती गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर मूळ धरण्याआधीच मोडीत निघाला, आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर महापालिकेस राज्य शासनाच्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसणे भाग पडले. हाती उरला मिळकतकर. त्यातही मालक स्वतः राहतो त्या घरास 1970 पासून 40 टक्के सवलत. मध्यंतरी ती काढून घेतली गेली तेव्हा इतका गहजब झाला की 2023 साली शासनाला ती पूर्ववत करावी लागली. पुणेकर रस्त्यातील खड्ड्यावर जितक्या तन्मयतेने बोलतो तितक्या तन्मयतेने करआकारणीवर बोलत नाही, सवलत जाण्याचा प्रसंग तेवढा वगळून.

तेव्हा रस्त्यासाठी पैसा अन्यत्र शोधावा लागतो. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा जलद बसमार्ग 2006 च्या डिसेंबरात सुरू झाला, तो ज्या केंद्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात बसवला गेला त्यात पुण्यासारख्या शहरास निम्मा पैसा केंद्राचा, 20 टक्के राज्याचा व उरलेला पालिकेचा अशी वाटणी होती; परंतु अनुदान रस्ता बांधून देते, त्याची निगा राखत नाही, आणि सोलापूर रस्त्यावरील बसची ती स्वतंत्र मार्गिका पुढे ठिकठिकाणी मोडली गेली. 2017 मध्ये महापालिकेने 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे कर्जरोखे काढले, तेही पाणीपुरवठ्यासाठी. रस्तारुंदीत जमीन गेलेल्यास रोख मोबदल्याऐवजी अन्यत्र बांधकामाचा हक्क, म्हणजे बोलीभाषेतला टीडीआर, देण्याची युक्ती तिजोरीस फुकट भासते खरी. पण त्या हक्काने जेथे इमारत उंचावते तेथील पाणी, सांडपाणी आणि वाहने यांचा भार कालांतराने पुन्हा पालिकेच्याच माथी येतो.

या सर्वांहून वेगळा निवाडा हडपसरच्या शेतकऱ्यांनी स्वतःच केला. शहर शेतांच्या बांधाशी येऊन ठेपले असता, एकेक खातेदाराने बिल्डरास जमीन विकून आलेली रक्कम उडवावी आणि पुढच्या पिढीने भूमिहीन व्हावे, हा क्रम आसपास डोळ्यांदेखत घडत होता. हडपसरच्याच मगरपट्ट्यातील सुमारे 120 कुटुंबांनी, त्यांच्यातीलच सतीश मगर यांच्या पुढाकाराने, 400 एकरांहून अधिक सलग जमीन एकत्र केली, तिची कंपनी स्थापिली, आणि ज्याची जितकी जमीन त्या प्रमाणात त्याला भाग दिले. सन 2000 च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. घरे विकली गेली, पण संगणक कंपन्यांची कार्यालये भाड्याने देण्यासाठी राखून ठेवली गेली. त्यामुळे रस्ता, झाडी, दिवे यांनी जे मूल्य वाढले ते बाहेरच्या व्यापाऱ्याकडे न जाता सातबारावर ज्यांची नावे होती त्यांच्याकडे भाड्याच्या व लाभांशाच्या रूपाने परत आले. शेतकऱ्यांची मुले पुरवठादार व कंत्राटदार झाली. म्हणजे येथे रस्त्याचा खर्च जमिनीनेच दिला, आणि रस्त्याने जमिनीचे ऋण फेडले.

या प्रयोगाचे कौतुक करताना त्याची मर्यादा दृष्टीआड होऊ नये. भाऊबंदकी महाराष्ट्रात तंट्यासाठीच प्रसिद्ध. येथे ती एकोप्याचे साधन ठरली, ते बहुतांश खातेदार एकाच आडनावाचे होते म्हणून. ज्याचे नाव सातबारावर नव्हते अशा शेतमजुराला या वाटणीत स्थान नव्हते. आणि वसाहतीच्या फाटकाबाहेरचा मुंढव्याचा रस्ता महापालिकेच्याच अंदाजपत्रकाच्या भरवशावर राहिला, वसाहतीने त्यावर आणलेली वाहने मोजून.

एकोप्याची जी अट येथे रक्ताच्या नात्याने पुरी केली ती कायद्याने पुरी करण्याची सोय मात्र जुनीच आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून, आणि 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही, विस्कळीत शेते एकत्र करून रस्ते व मैदाने काढावीत, प्रत्येकास त्याच्या जमिनीच्या मानाने सुबक अंतिम भूखंड परत द्यावा, आणि वाढीव मूल्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान वसूल करावे, अशी तरतूद आहे. अशा योजना पुण्यात दीर्घकाळ मागे पडल्या. हडपसरलगतच्या फुरसुंगी व उरुळी देवाची येथे त्या अलीकडे पुन्हा आखल्या गेल्या. तेथील खातेदार एका आडनावाचे नाहीत, त्यामुळे मगरपट्ट्यात घरच्या बैठकीत मिटलेले वाद तेथे नगररचना लवादापुढे, हरकती-सूचनांच्या नस्तीत, एकेक करून मिटवावे लागतात.