पारा शून्यावर आला म्हणून अंगण गोठत नाही

भीमेच्या काठी थंडी पडू लागली, की कोरेगाव भीमा येथे, ज्यांची मुले कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात स्थायिक झाली आहेत अशा मंडळींच्या मुखातून, दरसाल एकच सिद्धान्त ऐकावा लागतो: तिकडे पारा शून्यावर उतरतो, तेव्हा घरामागच्या अंगणात फळ्यांची चौकट ठोकून, ताडपत्री अंथरून, संध्याकाळी पाणी सोडावे, की सकाळी नातवंडांना घसरायला बर्फाचे मैदान तयार, आणि आपल्याकडे पारा शून्याला शिवतही नाही, त्याअर्थी महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या म्हणजे हॉटेलवाल्यांच्या जाहिराती. शून्य अंश हा जणू सरकारी हुकूम असून तो सुटताच पाण्याने बिनतक्रार त्याची तामील करावी आणि सुटला नसेल तर जागचे हलू नये, अशी ही समजूत आहे. तिचा पूर्वार्धही चूक आणि उत्तरार्धही चूक.

पूर्वार्ध आधी पाहू. वीस अंशांचे एक ग्रॅम पाणी शून्यापर्यंत थंड करण्यासाठी त्यातून २० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. परंतु शून्यावर आलेल्या त्याच पाण्याचे, तापमान तसूभरही न बदलता, बर्फ करण्यासाठी आणखी ८० कॅलरी काढाव्या लागतात. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल अशा बेताच्या मैदानात ६,००० लिटर पाणी मावते, आणि ते गोठताना केवळ या सुप्त उष्णतेपोटी सुमारे ५५० युनिट विजेइतकी उष्णता बाहेर जावी लागते. ती जाणार कोठून? पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला, की खालच्या पाण्यातील उष्णतेला त्या पापुद्र्यातूनच वाट काढावी लागते. तो जाडावत जातो तशी ती वाट बिकट होते, आणि जाडी दुप्पट व्हायला काळ सुमारे चौपट लागतो, हे योसेफ श्टेफान या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच गणिताने मांडून ठेवले आहे. बर्फाच्या कारखान्यात शून्याच्या आठ-दहा अंश खाली असलेल्या मिठाच्या पाण्यात डबे चोहोबाजूंनी बुडवून ठेवतात, तरीही मोठ्या लादीला दीड-दोन दिवस लागतात. मग उणे एक अंशाच्या हवेत, केवळ वरच्या अंगाने थंड होणारे अंगणातले डबके एका रात्रीत तळापर्यंत कसे गोठावे? म्हणून जाणते लोक कडाक्याची थंडी सलग काही दिवस टिकेल अशी खात्री करून घेतात, आणि एकदम पाणी भरण्याऐवजी पातळ थर देत, एक गोठल्यावर दुसरा, असे मैदान चढवीत नेतात. अंगणाला उतार असेल तर सखल बाजूस पाणी खोल होऊन ती बाजू शेवटपर्यंत कच्ची राहते, हेही ओघानेच आले.

आता उत्तरार्ध. हवामान खात्याच्या दप्तरी जे किमान तापमान नोंदले जाते, ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. निरभ्र, निवांत रात्री गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करीत त्या हवेहूनही कित्येक अंशांनी थंड होतात. म्हणूनच पेटीतला पारा शून्याच्या वर असतानाही वेण्णाकाठी दव गोठते. त्यात जाहिरात नाही, खोटेपणा नाही. (त्याला ‘बर्फवृष्टी’ म्हणणाऱ्या बातमीदारांचे समर्थन मात्र मी करणार नाही.) ज्याला हे पटत नसेल त्याने रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला सादर केलेले निवेदन पाहावे: अलाहाबादेकडे उथळ खड्ड्यांत उसाची चिपाडे पसरून, त्यांवर सच्छिद्र मातीच्या उथळ परळांत पाणी ठेवून, पहाटे बर्फ गोळा करीत. त्यातील आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाचा कार्यकारणभाव विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ मध्ये दवावरील निबंधात उलगडला. शिमल्यात १९२० पासून चालत आलेले नैसर्गिक बर्फाचे मैदानही याच न्यायाने उभे राहते. जानेवारीतील सरासरी किमान तापमान तेथेही शून्याच्या वरच असते, आणि आभाळ आले की बर्फ धरत नाही म्हणून खेळ रद्द करावा लागतो.

पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. तशी रात्र पुन्हा आली आणि वारा पडलेला असला, तर आपल्या शिवारातही उथळ परळात बर्फाचा पापुद्रा धरणे अशक्य नाही. मैदानाचा हट्ट मात्र कोणी धरू नये.

उरलेले समज फार वेळ घेण्याच्या योग्यतेचे नाहीत. पाण्यात मीठ टाकल्याने ते लवकर गोठते, हा पॉट आइस्क्रीम पाहून झालेला भ्रम आहे; मीठ तेथे भांड्याबाहेरच्या बर्फात घालतात, आणि खारे पाणी गोठायला शून्याहून खाली जावे लागते. मैदानावर पडलेले भुसभुशीत हिम थंडी राखते म्हणून राहू द्यावे, हेही उलटेच. ते उष्णता अडवून धरते, झाडून टाकावे. गरम पाणी आधी गोठते, या मताला १९६९ मध्ये म्पेम्बा आणि ऑस्बॉर्न यांच्या लेखाने प्रतिष्ठा दिली खरी, पण २०१६ मध्ये बरिज आणि लिंडन यांनी काटेकोर प्रयोग केले तेव्हा त्यांना त्याचा विश्वसनीय पुरावा आढळला नाही. व्यावसायिक मैदानांवर यंत्राने गरम पाणी फिरवतात, त्याचे कारण निराळे: ते जुन्या बर्फाचा पृष्ठभाग किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होते, आणि त्यात विरघळलेली हवा कमी असल्याने थर घट्ट व नितळ बसतो.