मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली, आता पीएचडीसाठी पैसे कुठून?

आमच्या द्वारका भागात एमएस्सी झालेल्या मुलामुलींकडून आजही हाच प्रश्न येतो, ‘सर, मौलाना आझादचा फॉर्म कधी निघणार?’ तो निघणार नाही. 2009 साली सुरू झालेली ही केंद्राची फेलोशिप 2022-23 पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद आहे, आणि तसे सरकारने डिसेंबर 2022 मध्ये संसदेत सांगितले आहे. तिची वाट बघण्यात वर्ष घालवू नका.

विज्ञानवाल्यांचा मोठा दरवाजा म्हणजे सीएसआयआर-नेट. रसायन, भौतिक, गणित, जीवशास्त्र, भूविज्ञान असे पाच विषय. कॉम्प्युटर सायन्स मात्र यूजीसी-नेटमध्ये येतो. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातही फॉर्म भरता येतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण गोंधळतात. नेटचे निकाल तीन प्रकारचे असतात: जेआरएफ, प्राध्यापक पदासाठी पात्र आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र. महिन्याला 37 हजार रुपये मिळतात ते फक्त जेआरएफला. दोन वर्षांनी कामाचा आढावा होऊन ते 42 हजार होतात. ‘नेट निघाली’ म्हणून घरात मिठाई वाटली, तरी निकालात जेआरएफ लिहिले आहे का ते बघा. बाकी दोन प्रकारांचे गुण पीएचडी प्रवेशाला एकच वर्ष चालतात. इंजिनीअरिंगवाल्यांनी गेट द्यावी. आयआयटीत प्रवेश मिळाला तर संस्थाच दरमहा पैसे देते.

आता खरी अडचण, आणि ती परीक्षेची नाही, कागदाची आहे. जेआरएफमध्ये ओबीसींना 27 टक्के जागा आहेत. राज्यात महाज्योती ही संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पीएचडी करणाऱ्यांना फेलोशिप देते. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे हक्क आहे. पण दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय असते? नुसते ‘मुसलमान’! मग जातीचा दाखला अडतो. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून दादा किंवा वालिद ज्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. घरात कोणी शाळेत गेलेच नसेल तर जुने जन्म-मृत्यूचे किंवा जमिनीचे कागद शोधा. हे काम दहावी-बारावीतच सुरू करावे. एमएस्सीनंतर पळापळ केली तर फॉर्मची तारीख निघून जाते, हे आम्ही दरवर्षी बघतो. केंद्राच्या परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी तपासा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपते, तीही बघा.

मुलींच्या घरच्यांसाठी दोन शब्द. जेआरएफला मुलींना वयात पाच वर्षांपर्यंत सवलत आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या महिलांना बाळंतपण व बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे, वर पीएचडी पूर्ण करायला दोन वर्षे जास्त. लग्नाची बोलणी करताना हे सासरच्यांनाही सांगा.

फॉर्म सायबर कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा दिला तर हॉलतिकिटासाठीसुद्धा त्याच्याच दारात उभे राहावे लागते.