मारुतीची गदा आणि चपलेचे कातरण

गेल्या डिसेंबरात मी टेंभुर्णीला भावाकडे गेले होते. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच भाचा पुढे आला आणि म्हणाला, "आत्या, मी मारुती झालोय. गदा तू करायचीस!"

शाळेचे स्नेहसंमेलन अवघ्या दोन दिवसांवर आले होते. वहिनी हळूच म्हणाल्या, "तुम्ही पुण्याच्या. तुम्हांला सगळं येतं असं त्यानं वर्गात सांगून ठेवलंय." पुण्याच्या माणसाला सगळे येते हा समज पुण्याबाहेर कोणी पसरवला कोण जाणे, पण तो मोडण्याचे धैर्य मला झाले नाही. सरांची अट अशी होती की गदा मऊ हवी. आदल्या वर्षी पत्र्याच्या गदेने बिचाऱ्या रावणाला खरेच टेंगूळ आले होते. आणि गदा नसेल तर मारुती दुसरा!

मोबाइलवर पाहिले. तयार गदा काय आणि फोमचे कोरे तक्ते काय, सारेच चार दिवसांनी येणार. आणि किंमत अशी, की तेवढ्यात साऱ्या वानरसेनेला चपला आल्या असत्या.

माळ्यावर दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातले थर्मोकोल पडले होते. ते कापून मी छान गोळा केला, आणि तुकडे चिकटवायला भावाच्या कपाटातले रबर सोल्युशन घेतले. इथे माझी विद्या संपली. पाहता पाहता गोळ्याला भोके पडली, कडा आक्रसल्या आणि गदेचा चिकट चिखल झाला. भाचा काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. ते रडण्याहून वाईट.

थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीनचे वाफेने फुगवलेले मणी. त्यात अठ्ठ्याण्णव टक्के हवाच असते. सोल्युशनातले द्रावक त्या पॉलिस्टायरीनला विरघळवते, मग मधली हवा निघून जाते आणि हाती उरतो तो चिकटा. पेट्रोलनेही तेच होते, फवाऱ्याच्या रंगानेही. थर्मोकोलला पांढरा फेव्हिकॉल किंवा आपली घरची खळ लावावी, वर वर्तमानपत्राचे दोन थर द्यावेत आणि मगच रंग. मात्र सजावटीसाठी नवे थर्मोकोल आणायचे दिवस आता गेले. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि पुढे १ जुलै २०२२ पासून साऱ्या देशातच त्यावर बंदी आली. गणपतीच्या मखरांचे कारागीर तेव्हा किती अडचणीत आले ते आपण पाहिलेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला घेऊन बाजारात निघाले. टेंभुर्णी पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. इथूनच करमाळ्याकडे, पंढरपूरकडे, अकलूजकडे आणि कुर्डुवाडीकडे रस्ते फुटतात, त्यामुळे वाहनांची वर्दळ अखंड. जिथे ट्रक तिथे त्यांच्या बैठका शिवणारे आलेच! एका दुकानात पायांशी स्पंजच्या तुकड्यांचा ढीग होता. मालकांनी पिशवीभर तुकडे दिले आणि पैसे विचारले तर हसले. तिथून चार पावलांवर चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे तळव्यांच्या पातळ तक्त्यांचे कातरण मिळाले, वीस रुपयांत. शहरातली हौशी मंडळी ज्या ई.व्ही.ए. फोमच्या तक्त्यांना भारी पैसे मोजतात, तोच हा माल.

स्पंज आणि हा चपलेचा फोम, दोन्ही फोमच. पण स्वभाव वेगळे. बैठकीचा स्पंज पॉलियुरेथेनचा. त्याचे मूळ रसायन ओटो बायर या जर्मन शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये शोधले. त्याची छिद्रे उघडी, म्हणून तो पाणी पितो तसा रंगही पितो. वर लावायला निरुपयोगी, आत भरायला उत्तम. (त्याच्या आधीचा रबराचा फोम डनलॉपच्या ई. ए. मर्फी यांनी १९२९ मध्ये चीक फेटून केला. केक फेटायचे घरचे यंत्र त्यांनी वापरले, असे सांगतात. त्यावर घरातून काय बोलणे झाले ते मात्र इतिहासाने नोंदवलेले नाही.) चपलेच्या फोमची छिद्रे बंद असतात. तो रंग वर धरतो, आणि पातळ तुकडा गरम हवेने मऊ करून वाकवला तर थंड झाल्यावर तसाच राहतो.

चिकटवण्याची युक्ती काकांनी सांगितली. "ताई, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा अन् थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबा. ओलं असताना दाबलं तर सुटतंय." काल मी ओल्यावरच दाबत होते!

शेतातल्या पाइपाचा हातभर तुकडा दांड्याला घेतला. स्पंजचे तुकडे कापडात भरून सुतळीने आवळले, की झाला गोळा. त्यावर चपलेच्या फोमच्या आठ पाकळ्या, संत्र्याच्या फोडींसारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या कापलेल्या. खिडक्या उघड्या ठेवल्या, कारण सोल्युशनचा वास डोक्यात जातो. रात्री दहाला सोनेरी रंगाचा शेवटचा हात दिला.

एका बाबतीत मात्र मला आवाज चढवावा लागला. आईने उरलेले स्पंज गोळा करून बंबापाशी नेले होते. तिच्या घरात काही वाया जात नाही. पॉलियुरेथेन भुरकन पेटते, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असतात. आई रुसली खरी, पण तुकडे परत पिशवीत आले. दिवाळीत पणत्या आणि फुलबाज्या मुलांच्या हाताशी असतात, तेव्हा अशी सोंगे घालून अंगणात नाचू देऊ नये, हेही वहिनींना तेव्हाच सांगून टाकले.

संमेलनात गदा रावणाच्या डोक्यावर सहा वेळा बसली. दर वेळी चेपली आणि दर वेळी फुगून वर आली. टाळ्या रावणालाच जास्त पडल्या, हे भाच्याला अजून पटलेले नाही.

परवाच त्याचा फोन आला होता. यंदा रावण तोच आहे, आणि दहाही तोंडे हवी आहेत.