साळखात्याचे दार

'कामाच्या ठिकाणी वैविध्य' आणि 'सर्वांना सामावून घेणे' हे शब्दप्रयोग अलीकडे फार ऐकू येतात. कंपन्यांच्या अहवालांत ते असतात, कौशल्यविकासाच्या भाषणांत असतात, आणि आपल्या महाविद्यालयात झालेल्या रोजगार मार्गदर्शन शिबिरातही पाहुण्यांनी ते चार-पाच वेळा उच्चारले. शब्द चांगलेच आहेत. परंतु ते ऐकताना डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. कोणाला, कोठून आणि कशाच्या आधारे बाहेर ठेवले होते हे ठाऊक नसेल, तर आत घेणे म्हणजे काय हे तरी कसे समजावे? म्हणून प्रस्तुत लेखात व्याख्यांच्या वाटेला न जाता मी मुंबईच्या कापडगिरण्यांतील एका खात्याची हकीकत सांगणार आहे. इतिहासाच्या अभ्यासात ती माझ्या वाचनात आली, आणि तेव्हापासून हा विषय मला पाहुण्यांच्या भाषणापेक्षा वेगळा दिसू लागला.

गिरणीत ढोबळमानाने दोन कामे चालत : कापसाचे सूत काढणे आणि सुताचे कापड विणणे. विणकामाच्या खात्याला कामगार 'साळखाता' म्हणत आणि यंत्रमागाला 'साचा'. साळखात्यातील विणकराला कापडाच्या मापाप्रमाणे मजुरी मिळे आणि ती सूतखात्यातील साध्या कामगाराच्या मजुरीपेक्षा पुष्कळच अधिक असे. विणकर हा गिरणीतील कसबी माणूस; चाळीतही त्याला मान असे. 1920 ते 1940 या काळात मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगार हजारोंनी होते. सूतखात्यात ते होते, झाडलोटीला होते, ओझी वाहायला होते. साळखात्याचे दार मात्र त्यांना बंद होते. हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते.

कारण सांगितले जाई ते धोट्याचे. ज्यांनी माग पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. उभ्या ताण्यातून आडवा दोरा नेणारा लाकडी धोटा आतून पोकळ असतो. त्यात दोऱ्याची कांडी बसवलेली असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या दोऱ्याचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. हे झटपट व्हावे म्हणून विणकर त्या भोकाला ओठ लावून जोराने श्वास आत ओढी, म्हणजे दोरा फटकन बाहेर येई. कांडी तर काही मिनिटांत संपते, त्यामुळे दिवसातून कितीदा हे करावे लागे याचा हिशेब वाचकांनीच करावा. शिवाय तोच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या ओठी जाई. तेव्हा 'अस्पृश्याने ओठ लावलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा?' हा सवर्ण विणकरांचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नावर सारे खाते अडून बसले होते.

आता गंमत पाहा. (गंमत म्हणण्यासारखी ती नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.) ओठांनी दोरा ओढण्याची ही पद्धत मुळात घाणेरडी आणि रोगट होती. तिच्याबरोबर सुताची कूस आणि तेल पोटात जाई, एकाचा क्षय दुसऱ्याला होण्याची भीती असे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये कायदा करून ती बंद केली. हाताने दोरा ओवता येईल असे धोटे तेव्हा उपलब्ध होते. म्हणजे मुंबईत अडचण खरोखरच धोट्याच्या भोकाची असती, तर भोक बदलता आले असते. स्पृश्य विणकरांच्याही छातीचे त्यात भले होते. पण भोक बदलावे असा आग्रह कोणाला वाटला नाही, कारण ते भोक फार सोयीचे होते. सोवळे सांभाळले जाई आणि चांगल्या मजुरीच्या कामातील स्पर्धाही आपोआप कमी होई. मला वाटते, या दोहोंपैकी दुसऱ्या कारणाचा उच्चार कमी झाला, पण वजन त्याचेच जास्त होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा शिक्षणाचा आहे. विणकाम शिकवणारी शाळा त्या काळी सामान्य कामगाराच्या वाट्याला येत नसे. जॉबर, म्हणजे मुकादम, आपल्या गावची, आपल्या नात्यातली माणसे भरती करी. नवा मुलगा चुलत्याच्या किंवा मामाच्या साच्यापाशी उभा राही, तुटलेला दोरा जोडायला शिके, कांडी भरून देई, आणि काही महिन्यांनी बदली कामगार म्हणून उभा राही. कसब असे नात्यातून नात्यात जाई. ज्याचा मामा साळखात्यात नाही, त्याला साळखात्यात मामा होण्याचीही संधी नाही! 'पात्र उमेदवार मिळत नाहीत' हे आजच्या मालकांचे वाक्य मी ऐकतो तेव्हा मला हा मामा आठवतो. पात्रता जेथे मिळते त्या खोलीतच प्रवेश नसेल, तर पात्र उमेदवार यायचे कोठून?

1928 साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साळखात्याचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांच्या मागण्यांत अस्पृश्य कामगारांच्या या हक्काचीही मागणी हवी असा त्यांचा आग्रह होता. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच स्वीकारली. चरित्रकार धनंजय कीर यांनी ही हकीकत नोंदवली आहे. मालकांचे म्हणणे असे की, हा अन्याय असला तरी तो आमचा नव्हे. मालक कामगारांकडे बोट दाखवीत आणि कामगार रूढीकडे. पुढे फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वेचेही असेच चित्र मांडले. दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागते आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो. तेथे धोट्याच्या जागी स्टेशनमास्तरच्या घरचा उंबरठा होता, एवढाच फरक.

स्त्रियांची कथा थोडक्यात सांगतो. एकेकाळी मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे पाचातली एक स्त्री असे. वाइंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती, आणि त्यांच्यावर देखरेखीला नायकीण. पुढे त्या खात्यांत वेगवान यंत्रे आली, यंत्रे महाग म्हणून ती रात्रीही चालू लागली, आणि स्त्रियांच्या रात्रपाळीला कायद्याने बंदी होती. कायदा संरक्षणासाठी होता, परंतु नवे यंत्र शिकण्याची संधी पुरुषाला मिळाली. आता 2020 च्या संहितेत स्त्रियांना संमतीने रात्रपाळी करण्याची तरतूद आहे. शिक्षित स्त्रियांचीही गोष्ट वेगळी नव्हती. 1974 साली टेल्कोच्या शिकाऊ अभियंत्यांच्या जाहिरातीत 'महिलांनी अर्ज करू नयेत' असे छापलेले पाहून सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना साधे पोस्टकार्ड पाठवले आणि त्यांना मुलाखतीला बोलावणे आले, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असेल. त्या गोष्टीत आपण धाडसाचे कौतुक करतो आणि पुढे जातो. ती ओळ वाचून ज्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवले, त्या मुलींचा विचार माझ्या मनातून जात नाही.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर आपला देश मागे नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. त्यात 1973 मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांची तरतूद आली. म्हणजे मामा नसला तरी चालेल, असे कायद्याने प्रथमच म्हटले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वे मान्य केली, शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखल्या, आणि सर्वसाधारण व्यवसाय-प्रशिक्षणात दिव्यांगांना सामावून घेण्यास सांगितले. पण मला त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. वाजवी सोय करून देण्यास नकार देणे हाच भेदभाव होय, असे तो कायदा म्हणतो. 1928 साली हे तत्त्व असते, तर प्रश्न 'या माणसाला साळखात्यात घ्यावे का?' असा राहिला नसता. 'धोटा का बदलला नाही?' असा झाला असता. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक देण्याचा निर्णय दिला.

'वाजवी सोय' हा शब्द ऐकला की लोकांना खर्चाची धास्ती वाटते. माझ्या गावच्या एका मित्राचे उदाहरण देतो. मळणीयंत्रात त्याच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली. त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनचे काम शिकायचे होते. पहिल्या निदेशकांनी सहानुभूतीनेच सांगितले, "अरे, तू आपला संगणकाला बस." माझ्या मते या सहानुभूतीपासूनच सर्वांत जास्त सावध राहावे. दुसरे निदेशक आले, त्यांनी त्याला आठवडाभर नुसते पाहिले. तारेवरचे आवरण सोलताना एका हाताने तार धरून ठेवणे, एवढेच त्याला जमत नव्हते. निदेशकांनी कामाच्या टेबलाला एक लहान व्हाइस ठोकून दिला. तारेचे टोक त्यात अडकवायचे आणि उजव्या हाताने सोलायचे. व्हाइस भांडारात पडून होता, त्याला खर्च आला तो चार स्क्रूंचा. पुढे वर्गातील इतर मुलेही त्याच व्हाइसपाशी रांग लावू लागली, कारण तार त्यात अधिक सफाईने सोलली जाई.

आता आपल्या महाविद्यालयाकडे वळतो. आणि प्राध्यापकवर्ग हे वाचणार आहे म्हणूनच वळतो. टॅली आणि टंकलेखनाचा आपला प्रमाणपत्र वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. उद्वाहन नाही. वर्गाची वेळ सायंकाळी साडेपाच ते सात, आणि आमच्या बाजूच्या गावांची शेवटची एस.टी. सव्वासहाला सुटते. गेल्या वर्षी या वर्गाला मुली कमी आल्या तेव्हा 'मुलींना रस नाही' असे म्हटले गेले. तळमजल्यावर वाचनालयाशेजारची खोली दुपारी एक ते अडीच रिकामी असते. मी आठवडाभर रोज जाऊन पाहिली आहे. तेथे पंखा आहे, विजेची जोडणी आहे, आणि दाराला उंबरठा नाही. संगणक वरून खाली आणायला आम्ही विद्यार्थी एका रविवारी तयार आहोत. तसा अर्ज बावीस सह्यांनिशी कार्यालयात दिलेला आहे.